लुथेरन पाळकांचे शिक्षण आणि ग्रंथप्रकाशन

लुथेरन मंडळ्यांसाठी, म्हणजे मार्टिन लूथर यांच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रॉटेस्टंट चर्चसमूहांसाठी, पाळक (धर्मगुरू) तयार करणे, सेवेत असलेल्या पाळकांचे शिक्षण चालू ठेवणे आणि उपासना, उपदेश व शिकवण यांसाठी लागणारी पुस्तके त्यांच्या भाषेत छापून पुरवणे, असे हे तिहेरी काम आहे. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या सॅक्सनीत ते सुरू झाले. आज ते युरोप, आफ्रिका, आशिया आणि दोन्ही अमेरिकांत चालते. धर्मशिक्षण इतर ख्रिस्ती पंथांतही आहेच. पण बायबलमधल्या वचनाचा उपदेश करणे हे लुथेरन परंपरेत पाळकाचे पहिले कर्तव्य. त्यामुळे ज्याचे शिक्षण झालेले नाही किंवा ज्याच्या हाताशी पुस्तकच नाही, तो पाळक मुळातच अडतो. या इतिहासात शिक्षक आणि छापखाना जोडीने येतात ते याच कारणाने, आणि जिथे दोहोंपैकी एकच पोहोचला तिथे काम अर्धवट राहिले.

मार्टिन लूथर (१४८३–१५४६) यांना ही अडचण गावोगावी फिरताना दिसली. १५२८ मध्ये सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी झाली, तेव्हा खेड्यांतल्या लोकांना प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकारही (ख्रिस्ती विश्वासाचे ठरलेले कबुलीवचन) येत नाही, आणि कित्येक पाळकांना शिकवण्याची कुवतच नाही, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी, १५२९ मध्ये, त्यांनी लहान आणि मोठी अशा दोन प्रश्नोत्तरावल्या प्रसिद्ध केल्या. लहान प्रश्नोत्तरावलीचा मजकूर आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात निघाला होता. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन अशी तिची मांडणी. पापांगीकाराचा भाग नंतर जोडला गेला. एकेक ओळ घ्यायची, ‘याचा अर्थ काय?’ असे विचारायचे आणि चार-सहा वाक्यांत उत्तर द्यायचे, ही तिची रीत. प्रस्तावना साध्या पाळकांना आणि उपदेशकांना उद्देशून आहे. आधी एकच पाठ धरा, शब्द बदलू नका, लोकांच्या तोंडी बसू द्या आणि मगच अर्थ सांगा, असा तीतला सल्ला. पाळकाला शिकवता शिकवता त्याच्या मंडळीलाही शिकवणारे इतके आटोपशीर पुस्तक या परंपरेत दुसरे झाले नाही. ज्यांना स्वतःचा उपदेश रचणे जमत नव्हते, त्यांच्यासाठी लूथर यांनी वर्षभराच्या रविवारांचे उपदेशसंग्रहही तयार केले होते. १५३५ पासून सॅक्सनीच्या शासकाच्या आदेशाने विटेनबर्ग विद्यापीठाचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक उमेदवारांची परीक्षा घेऊन त्यांना दीक्षा, म्हणजे पाळकपदाचा अधिकार, देऊ लागले. विद्यापीठ, परीक्षा, दीक्षा आणि पुस्तक ही साखळी अशी जुळली.

विटेनबर्गला शिकलेले विद्यार्थी हीच रीत आपापल्या देशांत घेऊन गेले. मिकाएल अग्रिकोला १५३९ मध्ये फिनलंडला परतले. त्यांचे फिनिश बाळबोध पुस्तक १५४३ मध्ये आणि नवा करार १५४८ मध्ये छापून आला. स्लोव्हेन भाषेतली पहिली छापील पुस्तकेही, म्हणजे प्रिमोझ त्रुबार यांची प्रश्नोत्तरावली आणि अंकलिपी (१५५०), याच परंपरेतली. दोन्ही भाषांचा छापील इतिहास पाळकाच्या गरजेतून सुरू झाला.

भारतात हे काम तरंगमबाडीला (ट्रँकेबार) आले. कावेरीच्या मुखाजवळचे हे बंदर डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि भोवतालचा मुलूख तंजावरच्या भोसले राजांचा होता. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाउ हे दोन जर्मन पाळक ९ जुलै १७०६ रोजी तिथे उतरले. त्यांच्या पाठीशी हॅले शहरातल्या आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांच्या संस्था होत्या. अनाथालय, शाळा, औषधशाळा, छापखाना असा मोठाच पसारा फ्रांके यांनी तिथे उभा केला होता. १७१० मध्ये हॅलेत कान्स्टाइन बायबल संस्था निघाली. छपाई झाल्यावर जुळवलेले खिळे (छपाईची धातूची अक्षरे) न मोडता तसेच ठेवायचे आणि लागेल तेव्हा त्याच जुळणीवर पुन्हा छापायचे, अशी तिची पद्धत. जुळणीचा खर्च वाचला आणि गरिबालाही बायबल परवडू लागले.

त्सीगेनबाल्ग तमिळ शिकले. ताडपत्रांवर नकला करण्यात फार वेळ जातो म्हणून त्यांनी छापखान्याची मागणी केली. लंडनच्या एका ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेने यंत्र पाठवले, पण वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यावर फ्रेंचांनी जहाज पकडले. ते सुटले, तर सोबत आलेला मुद्रक प्रवासातच वारला. १७१२ मध्ये यंत्र भारतात पोहोचले, तेव्हा ते चालवणारा माणूस इथेच शोधावा लागला. पाठोपाठ हॅलेत ओतलेले तमिळ खिळे आले; ते आकाराने मोठे होते आणि कागद तर महाग. तेव्हा हॅलेहून आलेल्या कारागिरांनी लहान खिळे इथेच ओतले आणि जवळच्या पोरैयार गावात कागदाचा कारखाना काढला. तमिळ नवा करार १७१४–१५ मध्ये छापून पूर्ण झाला. भारतात मुद्रण त्याआधी दीडशे वर्षांपूर्वी, १५५६ मध्ये, गोव्यात जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी आणले होते. तरंगमबाडीचे वेगळेपण असे की खिळे, शाई, कागद आणि वाचक हे सगळे एकाच ठिकाणी तयार करायचा प्रयत्न तिथे झाला.

शिक्षणाची बाजू मात्र सावकाश पुढे सरकली. उपदेशक आणि शिक्षक तयार करणारी शाळा १७१६ मध्ये निघाली. १७१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्सीगेनबाल्ग वारले. पहिल्या भारतीय लुथेरन पाळकाला दीक्षा मिळाली ती २८ डिसेंबर १७३३ रोजी: मूळचे आरुमुगम, बाप्तिस्म्यानंतर आरोन. त्याआधी कित्येक वर्षे ते उपदेशक म्हणून खेड्यापाड्यांतून काम करत होते. छापखाना सहा वर्षांत आला आणि देशी पाळकाला सत्तावीस वर्षे लागली, हे अंतर बरेच काही सांगून जाते. पुढेही तिथे मोजक्याच भारतीयांना दीक्षा मिळाली. युरोपातले पाळक त्यांना सहकारी म्हणत, पण निर्णय बहुधा स्वतःच्या हाती ठेवत. हा दोष तरंगमबाडीपुरता नव्हता. विसाव्या शतकापर्यंत जगभरच्या मिशनांत तो टिकून राहिला.

काय छापायचे हे कोण ठरवणार, हा प्रश्नही तिथूनच उभा राहतो. दक्षिण भारतातल्या देवदेवतांची माहिती देणारा ग्रंथ त्सीगेनबाल्ग यांनी १७१३ मध्ये लिहून हॅलेला पाठवला. ज्यांच्यात आपण राहतो त्यांचा धर्म पाळकाला नीट माहीत हवा, ही त्यामागची दृष्टी. हॅलेने तो छापला नाही. मूर्तिपूजा मोडायला पाठवलेल्यांनी तिची वर्णने युरोपात पसरवू नयेत, असे फ्रांके यांचे मत होते. शेवटी १८६७ मध्ये तो मद्रासला छापून निघाला. दीडशे वर्षे नव्या पाळकांना या अभ्यासाचा उपयोग झाला नाही, हे त्या निर्णयाचे खरे नुकसान.

मराठी वाचकाला या परंपरेचा एक धागा जवळचा वाटेल. १७५० मध्ये तरंगमबाडीला आलेले क्रिस्टिआन फ्रीडरिख श्वार्ट्झ पुढे तंजावरला स्थायिक झाले. दत्तक राजपुत्र सरफोजी यांचे ते पालक आणि गुरू. सरफोजींचा गादीवरचा हक्क मान्य व्हावा म्हणून त्यांनी कंपनी सरकारकडे रदबदली केली. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. ते आयुष्यभर हिंदूच राहिले. पण गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. मृत्युशय्येवरचे श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरून शेजारी उभे असलेले सरफोजी, असे ते दृश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजींनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला आणि त्यात मराठी पुस्तके छापली. महाराष्ट्रात मात्र लुथेरन मंडळ्या फारशा रुजल्या नाहीत. इथले प्रॉटेस्टंट काम प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशन आणि इतर संस्थांनी केले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन लुथेरनांनी आधी शाळा आणि मग छापखाना असा क्रम धरला. मिसुरीतल्या पेरी परगण्यात १८३९ मध्ये लाकडी ओंडक्यांच्या खोपटात त्यांचे विद्यालय सुरू झाले, आणि सेंट लुईसचे कॉन्कॉर्डिया प्रकाशनगृह १८६९ मध्ये निघाले. लूथर यांच्या लेखनाची ५५ खंडांची इंग्रजी मालिका १९५५ पासून याच प्रकाशनगृहाने दुसऱ्या एका लुथेरन प्रकाशकाबरोबर काढली. इंग्रजी येणाऱ्या पाळकांची तिने सोय केली. न येणाऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न आफ्रिकेत कसा सुटला हे ओनेसिमोस नेसिब यांच्या आयुष्यातून दिसते. इथिओपियातल्या ओरोमो समाजातला हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. मुक्त झाल्यावर स्वीडिश मिशनच्या शाळेत आणि पुढे स्वीडनमध्ये तो शिकला. मायदेशी, ओरोमो मुलखात, शिरणे त्यांना वर्षानुवर्षे जमले नाही; तेव्हा इरिट्रियात राहून त्यांनी ओरोमो बायबल तयार केले. आस्तेर गन्नो या तशाच गुलामगिरीतून सुटलेल्या तरुणीचे त्यात मोठे साहाय्य होते. भाषा जिच्या जिभेवर होती ती तीच. १८९९ मध्ये हे बायबल छापून आले. इथिओपियाची मेकाने येसूस मंडळी १९५९ मध्ये स्थापन झाली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या लुथेरन मंडळ्यांपैकी एक असून तिची स्वतःची धर्मविद्यालये आहेत. टांझानियात माकुमिरा येथील विद्यालय अनेक पिढ्यांतले पाळक घडवून पुढे विद्यापीठ झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, स्वीडनमधल्या लुंड येथे लुथेरन जागतिक महासंघ स्थापन झाला. निर्वासितांच्या मदतीबरोबरच पाळकांना शिष्यवृत्त्या देणे आणि विद्यालयांना आधार देणे ही त्याची कामे. आज दीडशेच्या आसपास मंडळ्या त्याच्या सदस्य आहेत. भारतात चेन्नईच्या किल्पॉक भागातले गुरुकुल लुथेरन धर्मशास्त्र महाविद्यालय (स्थापना १९२७) हे या कामाचे मुख्य केंद्र. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) धर्मशास्त्र पदव्या तिथे घेता येतात.

पाळक आणि पुस्तक दोन्ही हिरावून घेतल्यावर काय होते, ते सोव्हिएत संघात दिसले. लेनिनग्राडचे लुथेरन विद्यालय १९२५ ते १९३४ एवढेच चालले. १९३० च्या दशकात चर्चे बंद पडली, पाळक तुरुंगात गेले. १९४१ मध्ये व्होल्गाकाठच्या जर्मनांना कझाकस्तान आणि सायबेरियात हद्दपार केले गेले. तिथे घराघरांत लोक जमत. अनेकदा वयस्क स्त्रियाच प्रार्थना चालवत. कुणीतरी लपवून आणलेला जुना जर्मन उपदेशसंग्रह वाचत, आणि गीते वहीत हाताने उतरवून घेत. चार शतकांपूर्वी अप्रशिक्षित पाळकांसाठी सुरू झालेला हा ग्रंथप्रकार पाळकच नसलेल्या मंडळ्यांनाही तारून गेला. पण पुढच्या पिढीला जर्मन येईना. १९९२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या लुथेरन हेरिटेज फाउंडेशनने लहान प्रश्नोत्तरावलीसारखी पुस्तके रशियन आणि पुढे इतर अनेक भाषांत काढायला घेतली ती याच पार्श्वभूमीवर.

आज या कामापुढे काही ठोस अडचणी आहेत. परदेशी पदवीसाठी गेलेला हुशार पाळक अनेकदा तिथेच राहतो. म्हणून पदव्युत्तर शिक्षण त्या त्या देशातच देण्यावर भर वाढला आहे. फुकट वाटलेल्या भाषांतरित पुस्तकांमुळे स्थानिक लेखकाला प्रकाशक मिळेनासा होतो. आणि पंथातले मतभेद पुस्तकांतही उतरतात. स्त्रियांच्या दीक्षेला महासंघाचा पाठिंबा आहे. आंतरराष्ट्रीय लुथेरन परिषद या परंपरानिष्ठ मंडळ्यांच्या वेगळ्या संघटनेतल्या मंडळ्यांचा तिला विरोध आहे. महासंघाची सदस्य असूनही लॅटव्हियाच्या मंडळीने २०१६ मध्ये दीक्षा पुरुषांपुरतीच ठेवण्याचा नियम केला. एखाद्या छोट्या मंडळीला पुस्तके कोणत्या बाजूकडून येतात, यावर तिथल्या पाळकांच्या पुढच्या पिढीचे शिक्षण बरेच अवलंबून असते.