डेहरीची बाग आणि गटाच्या प्रमाणपत्राचा वाद : पार्श्वभूमी

सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची सुधारित नियमावली जानेवारी २०२५ मध्ये आली. तिच्यातील एका तरतुदीने शेतकऱ्यांच्या उत्पादक गटांना स्वतंत्र कायदेशीर दर्जा दिला. ही दुरुस्ती वरवर कार्यालयीन वाटते. पण उंबरगावपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांनी सेंद्रिय शेती पहिल्यांदा केली, त्यांनी गावाला काय दिले आणि त्यातले काय पुढे कोणाच्या नावावर चढले, आणि गटाचे सेंद्रिय प्रमाणपत्र शेतकऱ्यांचे की व्यापाऱ्याचे, या जुन्या वादाशी तिचा थेट संबंध आहे.

किनाऱ्यावरची जुनी शेती रसायनांविना होती, हे खरे असले तरी त्या शेतीचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपे, पेरण्यापूर्वी ऐन-किंजळाच्या फांद्यांचा कवळ, शेण, गवत आणि पातेरा जमिनीवर पसरून जाळायचा, याला दक्षिणेकडे भाजावळ आणि ठाणे-कुलाब्याकडे (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) राब म्हणत. ही पद्धत जंगलातून घेत असे आणि घेतलेले जाळून टाकत असे. १८८० नंतरच्या वर्षांत वनखात्याने कवळतोडीवर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. त्या वेळी वाद फांदी तोडण्याच्या हक्काचा होता. पातेरा न जाळता झाडाखाली कुजू द्यावा, हा विचार शेतीचा कार्यक्रम म्हणून पुढे यायला आणखी सत्तर वर्षे लागली.

तो कार्यक्रम किनाऱ्याच्या उत्तर टोकाला आकाराला आला. डेहरी हे गाव उंबरगाव तालुक्यात आहे. हा तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, राज्ये वेगळी झाली तेव्हा तो गुजरातेत गेला. सीमा बदलली म्हणून तिथली वाळूमिश्रित जमीन, माडांच्या वाड्या आणि खारे वारे बदलले नाहीत. डेहरीचे जे बागायतदार, भास्कर सावे, पुढे देशभर नैसर्गिक शेतीचे आद्य पुरुष म्हणून ओळखले गेले, ते १९२२ साली जन्मलेले, काही वर्षे प्राथमिक शिक्षक असलेले आणि गांधी-विनोबांच्या विचारांत वाढलेले होते. त्यांच्याविषयी लिहिताना एक गोष्ट सहसा घाईने उरकली जाते. पन्नासच्या दशकात परिसरात रासायनिक खत आधी वापरणाऱ्यांपैकी ते एक होते, भरघोस पीक काढणारे आदर्श शेतकरी म्हणून त्यांचे नाव होते आणि काही काळ त्यांच्याकडे खताची एजन्सीही होती. म्हणजे रसायनांना त्यांनी नकार दिला तो वापरून, विकून आणि हिशेब मांडून. उत्पन्न टिकवण्यासाठी दरवर्षी खत वाढवावे लागते आणि वाढलेल्या खर्चात नफा जिरतो, हे वहीत दिसल्यावर त्यांनी वाट बदलली. शेजाऱ्यांवर या हिशेबाचा जेवढा परिणाम झाला, तेवढा कोणत्याही तत्त्वज्ञानाचा झाला नसता.

त्यांची जमीन १४ एकर होती. त्यातल्या सुमारे १० एकरांत चिकू आणि माड यांची मिश्र बाग, २ एकरांत रोपवाटिका आणि २ एकरांत भात व पालटून घेतलेली कडधान्ये-भाज्या अशी मांडणी होती. बागेत उंच वाफे आणि त्यांच्यामध्ये चर होते. पाणी झाडाच्या बुंध्याशी न देता चरात सोडले जाई. किनाऱ्यावर माडाला आळे करून त्यात पाटाचे पाणी भरण्याची पिढीजात सवय. इथे मात्र ओलाव्याच्या शोधात मुळांनी बाहेर पसरावे अशी योजना होती. झाड मोठे होत गेले की काही चर बंद होत. लागवड कमी, मध्यम आणि दीर्घ आयुष्याच्या झाडांची एकाच वेळी होत असे: भाज्या आणि कडधान्ये पहिल्या काही महिन्यांत पैसे देत, केळी आणि शेवगा पुढची काही वर्षे सांभाळून नेत, तोवर माड आणि चिकू फळाला येत. नांगरणी नाही, तण उपटून फेकायचे नाही, कापून तिथेच अंथरायचे. चिकूखालचा पातेरा हाताने बाजूला केला की खाली गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचा थर लागे, आणि पाहायला आलेल्या माणसाला तो आधी दाखवला जाई. एकेका माडाला वर्षाला साडेतीनशेहून अधिक नारळ लागत असल्याचे नोंदले गेले आहे. नैसर्गिक शेतीचे जपानी प्रवर्तक मासानोबू फुकुओका यांनी ही बाग पाहून ती जगात सर्वोत्तम असल्याचे म्हटले होते.

गावाच्या दृष्टीने या बागेचे महत्त्व उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा वेगळ्या तीन गोष्टींत होते. शनिवारी दुपारी बाग कोणालाही पाहता येई. रोपवाटिकेतले रोप हे त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते, त्यामुळे बाग सुधारली की तिचा लाभ रोपाच्या रूपाने दुसऱ्याच्या वाडीत पोहोचत असे. आणि पाण्याचा वापर कमी होता. किनाऱ्यालगत विहिरींवर पंप बसल्यावर खारे पाणी आत सरकण्याचा धोका असतो. तिथे एका बागायतदाराने कमी उपसा करणे हे शेजाऱ्याच्या विहिरीवर केलेले उपकारच म्हणायचे. या तिन्हींपैकी एकही गोष्ट कोणाच्या नावावर नोंदवता येण्याजोगी नव्हती. २००६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या अध्यक्षांना लिहिलेल्या खुल्या पत्रांची चर्चा देशभर झाली. २०१० मध्ये जागतिक पातळीवरचा जीवनगौरव मिळाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. या ठळक तारखांपेक्षा शनिवारच्या दुपारींनी अधिक काम केले असे या किनाऱ्याचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

तरीही डेहरीची पद्धत किनाऱ्यावर सरसकट पसरली असे नाही. शेजारच्या डहाणू-घोलवड पट्ट्यात चिकूच्या एकपिकी बागा होत्या. डहाणू तालुका जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, तरी औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिलाच, आणि चिकूची गळ कशामुळे, धुरामुळे की बुरशीमुळे, या वादातच अनेक वर्षे गेली. दक्षिणेकडची गोष्ट तर वेगळ्याच दिशेने गेली.

१९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि शंभर टक्के अनुदानाच्या आधाराने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनींवर हापूस आणि काजू चढले. कातळात सुरुंग लावून खड्डे काढले गेले. जिल्ह्याचे रूप पालटणारी ही योजना होती यात शंका नाही, पण तिने मिश्र वाडीऐवजी एकाच झाडाची बाग हा नमुना घरोघरी नेला. एकाच झाडाची बाग आली की तुडतुडे, भुरी, फळमाशी आणि अलीकडे फुलकिडे हेही एकगठ्ठा येतात. हापूस एक वर्षाआड धरतो, म्हणून झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारे पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे कल्टार, झाडाच्या घेरानुसार मात्रा ठरवून पावसाळ्यात बुंध्याभोवती देण्याची शिफारस झाली. शिफारशीतली मात्रा मोजकी होती. बाग कराराने दिलेली असली की मात्र मालक मुंबईत आणि निर्णय कराराने घेणाऱ्याच्या हातात. त्याला दोन हंगामांत पैसे काढायचे असतात, झाड पुढे किती वर्षे जगेल याच्याशी त्याचे देणेघेणे नसते. दक्षिण कोकणातल्या पहिल्या सेंद्रिय बागायतदारांपुढचे पहिले काम म्हणूनच खताचे नव्हते. बाग कराराने न देता स्वतः राखायची हा निर्णय त्यांना आधी घ्यावा लागला, आणि हापूसच्या पट्ट्यात तो खर्चिक निर्णय होता.

अशा स्थितीत २००१ मध्ये सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम लागू झाला. निर्यातीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक होते. फळझाडांसाठी रूपांतराचा काळ ३ वर्षांचा, तपासणीचे शुल्क एकट्यादुकट्या बागायतदाराला न परवडणारे. म्हणून गट-प्रमाणीकरणाची सोय झाली: २५ ते ५०० शेतकऱ्यांचा एक गट, त्याची अंतर्गत नियंत्रण व्यवस्था आणि सगळ्यांना मिळून एक प्रमाणपत्र. वादाचे मूळ या एका प्रमाणपत्रात आहे.

गट चालवायला दप्तर लागते. प्रत्येक बागेचा नकाशा, सातबारा, शेजारच्या फवारणीपासून राखलेले अंतर, टाकलेल्या प्रत्येक पाटीची नोंद. हे दप्तर आणि शुल्क यांचा भार उचलायला निर्यातदार किंवा प्रक्रिया करणारा व्यापारी पुढे येई, आणि नियमानुसार प्रमाणपत्र त्याच्या नावावर निघू शके. याचा व्यवहारातला अर्थ काजूच्या गटात स्पष्ट दिसतो. बागायतदाराने तीन वर्षे रसायन टाकायचे नाही, नोंदी ठेवायच्या, तपासनीसाला बाग दाखवायची. आणि चौथ्या वर्षी दुसऱ्या खरेदीदाराने किलोमागे चार रुपये जास्त देऊ केले तर त्याच काजूला प्रमाणित सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, कारण विक्रीच्या कागदावर सही करण्याचा अधिकार प्रमाणपत्रधारकाचा. व्यापाऱ्याने गट सोडला तर बागायतदाराच्या हातात जमीन उरते, तीन वर्षांची पत उरत नाही.

व्यापाऱ्यांची बाजूही होती. शुल्क त्यांनी भरले होते, दप्तर त्यांच्या माणसांनी लिहिले होते, आणि हंगामात भाव चढला की गटातले लोक माल बाहेर घालतात ही तक्रार खोटी नव्हती. मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. त्या काळात पॅकिंग आणि प्रक्रियेची सोय असलेले निर्यातदारच तग धरू शकले, हेही मान्य करावे लागते. परंतु या बाजूचा मुद्दा खर्चापुरताच होता, आणि खर्च केलेल्याला व्याजासह परतावा देण्याचे इतर मार्ग असतात. बागेची पत लिहून घेणे हा त्यांपैकी सर्वांत स्वस्त मार्ग होता.

आधीच्या पिढीच्या बागायतदारांपैकी काहींनी म्हणूनच तृतीय पक्षाच्या प्रमाणपत्रापासून दूर राहणे पसंत केले. निर्यात गेली तरी चालेल, पण बाग शेजाऱ्यांनी तपासावी, ही त्यांची भूमिका होती. सहभागी हमी पद्धत, जिला सगळे पीजीएस म्हणतात, स्वयंसेवी संस्थांनी आधी रुजवली आणि २०१५ च्या सुमारास परंपरागत कृषी विकास योजनेबरोबर तिला शासकीय रूप मिळाले. किमान ५ शेतकऱ्यांचा स्थानिक गट, सर्वांची शपथ, एकमेकांच्या बागेची पाहणी, आणि निर्णय गटाचा. यात प्रमाणपत्र बाहेरच्याच्या नावावर जात नाही. अडचण दुसरीकडे येते. कोकणात शेजारी म्हणजे बहुधा भाऊबंद, आणि ज्याच्याशी बांधावरून दावा चालू आहे त्याच्याच बागेत जाऊन ‘इथे तणनाशक मारलेले दिसते’ असे लिहायचे, हे सोपे नाही. काही गटांत पाहणीची पाने म्हणूनच एकसारख्या हस्ताक्षरात भरली जातात. पीजीएसवर टीका करणारे याकडे बोट दाखवतात आणि ते बरोबर आहे. मात्र त्याच गटांत एखाद्याने कल्टार घातल्याचे आधी कळते तेही शेजाऱ्यालाच, बाहेरच्या तपासनीसाला नव्हे.

शासकीय योजनेने आणखी एक पेच घातला. तिला मूळ आराखड्यात ५० एकरांचा, शक्यतो सलग, गट हवा होता. घाटावर हे जमते. इथे एका घराची जमीन दहा-बारा तुकड्यांत, एक वाडी, एक मळा, डोंगरात काजूचे टप्पे अशी विखुरलेली असते. ज्या काजूच्या बागांना परवडत नाही म्हणून कधीच खत पडले नव्हते, त्या अशा गटांत सर्वांत आधी ‘सेंद्रिय’ झाल्या. ज्यांनी प्रयत्नपूर्वक आंब्याची बाग रसायनांतून बाहेर काढली होती ते बागायतदार मात्र शेजारच्या फवारणीमुळे बाहेर राहिले. अन्यायाचा हा प्रकार अहवालांत फारसा येत नाही, कारण अहवाल हेक्टर मोजतात.

थेट विक्रीने या वादातून थोडी वाट काढली. अन्नसुरक्षेच्या २०१७ च्या सेंद्रिय नियमांनी लहान उत्पादकाला ग्राहकाला थेट विकताना प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट दिली, आणि मुंबई-पुण्यातले नातेवाईक, ओळखीचे, त्यांच्या सोसायट्या यांच्याकडे पेट्या थेट जाऊ लागल्या. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळांनी मात्र विषय पुन्हा मुळावर आणला. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड भागांत माड-पोफळीची आगरे आडवी झाली. माड पुन्हा लावून उत्पन्न यायला सहा-सात वर्षे जातात, आणि तोवर घर चालवायला मधल्या थरातली केळी, भाज्या, मसाल्याची पिके लागतात. कमी, मध्यम आणि दीर्घ आयुष्याच्या झाडांची डेहरीतली मांडणी ही याच प्रश्नाची तजवीज होती.

२०२५ च्या नियमावलीने गटाला कायदेशीर दर्जा दिला. युरोपीय संघाच्या गट-नियमांतही गटाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असण्याची आणि सदस्यसंख्या २००० च्या आत ठेवण्याची अट आहे. प्रमाणपत्र शेतकऱ्यांच्या संस्थेचे असावे ही जुन्या बागायतदारांची मागणी त्यामुळे बऱ्याच अंशी पदरात पडली आहे. संस्थेचा सभासद व्हायला मात्र जमिनीचा कागद लागतो, आणि कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे नवलाचे नाही. जो बाग राखतो त्याचे नाव त्या यादीत कुठेतरी मधे असते, कधी त्याच्या आजोबांचेच असते. तेव्हा सध्या काम चालले आहे ते वारसनोंदी आणि संमतीपत्रांचे, आणि बाहेरगावच्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्यायला गावे चाकरमानी गणपतीला येण्याची वाट पाहतात.