आफ्रिका दिन

आफ्रिका खंडाची एकता आणि सांस्कृतिक वारसा यांचा गौरव करण्यासाठी दरवर्षी २५ मे रोजी साजरा होणारा दिवस. १९६३ मध्ये याच तारखेला इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा येथे ३२ स्वतंत्र राष्ट्रांनी ‘आफ्रिकी ऐक्य संघटना’ स्थापन केली.

या दिवसाचे मूळ मात्र पाच वर्षे मागे, घानाच्या अक्रा शहरात आहे. घानाचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या पुढाकाराने १५ एप्रिल १९५८ रोजी तेथे आठ स्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांची परिषद सुरू झाली आणि ती तारीख ‘आफ्रिका स्वातंत्र्य दिन’ म्हणून पाळण्याचे ठरले. १९६३ मध्ये तो दिवस २५ मे रोजी आणण्यात आला व त्यास ‘आफ्रिका मुक्ती दिन’ हे नाव मिळाले.

सम्राट हाइले सेलासी यांच्या यजमानपदाखाली आदिस अबाबात जमलेल्या नेत्यांत ऐक्याच्या स्वरूपाविषयी एकमत नव्हते. संपूर्ण खंडाचे एकच सरकार असावे, असा एन्क्रुमांचा आग्रह होता, तर टांगानिकाचे (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) नेते ज्युलिअस न्येरेरे यांच्यासारख्यांना टप्प्याटप्प्याने पुढे जाणे व्यवहार्य वाटत होते. अखेर प्रत्येक राष्ट्राचे सार्वभौमत्व अबाधित राखणाऱ्या सनदेवर सह्या झाल्या. म्हणजे ज्या ऐक्याचा हा उत्सव आहे, ते मुळात एका तडजोडीतून आलेले आहे. परिषद भरली त्या आफ्रिका हॉलमध्ये चित्रकार आफेवर्क टेक्ले यांची सुमारे १५० चौरस मीटरची रंगीत काचचित्रे असून त्यांच्या तीन भागांत खंडाचे भूतकाळातील दुःख, वर्तमानातील संघर्ष आणि भविष्याची आशा चितारली आहे.

‘मुक्ती’ हा शब्द त्या काळी शब्दशः खरा होता. गोवा ज्या पोर्तुगालच्या ताब्यातून १९६१ मध्ये मुक्त झाला, त्याच पोर्तुगालच्या अमलाखालील अंगोला व मोझांबिक यांना स्वातंत्र्यासाठी १९७५ उजाडावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपल्यावर हे राजकीय उद्दिष्ट बव्हंशी पुरे झाले.

२००२ मध्ये दरबान येथे ऐक्य संघटनेची जागा आफ्रिकी संघाने घेतली, तरी तारीख कायम राहिली. संघाची सदस्यसंख्या आता ५५ असून, १९८४ मध्ये पश्चिम सहारा या मोरोक्को आपला म्हणत असलेल्या प्रदेशाच्या प्रश्नावरून ऐक्य संघटनेतून बाहेर पडलेला मोरोक्को २०१७ मध्ये परतला. नामिबिया, झांबिया व झिंबाब्वे येथे या दिवशी सार्वजनिक सुटी असते. पारंपरिक वेश, नृत्य, संगीत आणि प्रादेशिक खाद्यपदार्थ यांनी हा दिवस रंगतो. खंडाबाहेर दूतावास आणि विद्यापीठांतील आफ्रिकी विद्यार्थीही तो साजरा करतात.