दूध संकलन केंद्रासाठी अन्न सुरक्षा नोंदणी व परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार दुधाचे संकलन, शीतकरण, प्रक्रिया किंवा विक्री करणाऱ्याला नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात राज्य पातळीवर हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा जो सभासद आपले सगळे दूध संस्थेलाच घालतो, त्याला नोंदणीतून सूट आहे. मात्र सकाळचे दूध संस्थेला आणि संध्याकाळचे रतिबाला, अशी वाटणी असेल तर ही सूट मिळत नाही.

२०११ च्या विनियमांनुसार दिवसाला ५०० लिटरपर्यंत संकलन असल्यास नोंदणी पुरते, ५०१ ते ५०,००० लिटरपर्यंत राज्य परवाना लागतो आणि त्यापुढे केंद्रीय परवाना. अर्ज भरताना ‘फॉसकॉस’ या अर्जाच्या संकेतस्थळावर दिसणारी मर्यादा व शुल्कच ग्राह्य धरावे. येथे अनेक केंद्रचालक उन्हाळ्यातील कमी संकलनाचा आकडा लिहितात आणि पुष्टकाळात, म्हणजे भरपूर दुधाच्या हंगामात, दूध वाढले की मर्यादा ओलांडून बसतात. त्यामुळे वर्षातील सर्वाधिक संकलनाच्या दिवसाचा आकडा धरून प्रकार ठरवणे शहाणपणाचे.

अर्ज ‘फॉसकॉस’वर ऑनलाइन करावा लागतो. नोंदणीसाठी ‘नमुना अ’ भरून छायाचित्र, शासकीय ओळखपत्र आणि जागेच्या पत्त्याचा पुरावा जोडला की काम भागते. परवान्याच्या ‘नमुना ब’सोबत मात्र जागेचा आराखडा, यंत्रसामग्रीची क्षमतेसह यादी, जागेच्या ताब्याचा पुरावा, भागीदारांची किंवा संचालकांची माहिती, जबाबदार व्यक्तीचे नामनिर्देशन आणि अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा द्यावा लागतो. प्रक्रिया प्रकल्प असल्यास पाण्याचा तपासणी अहवाल आणि दूध कोणत्या संकलन केंद्रांवरून येते याचा तपशीलही लागतो.

यांपैकी सुरक्षा आराखडा सर्वांत दुर्लक्षित राहतो. तो शेजारच्या डेअरीकडून उतरवून घेतला जातो आणि तपासणीच्या वेळी उघडा पडतो, कारण फॅट व एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मोजण्याचे यंत्र दाखवले तरी दुधातील खरे धोके त्यात दिसत नाहीत. कासदाहावर प्रतिजैविकांचे उपचार सुरू असलेल्या गाईचे दूध वेगळे कसे ठेवले जाते, बुरशी लागलेल्या पेंडीतून किंवा मक्यातून दुधात उतरणाऱ्या अफ्लाटॉक्सिन एम-१ या विषारी घटकाची तपासणी कुठे होते (मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे), बल्क कूलरमध्ये (दूध थंड करण्याच्या मोठ्या टाकीत) दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद कोण ठेवतो आणि नाकारलेल्या कॅनचे पुढे काय होते, हे आराखड्यात स्वतःच्या केंद्रापुरते लिहिलेले असावे. यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फोस्टॅक’ प्रशिक्षणाचा चांगला उपयोग होतो.

नोंदणीच्या अर्जावर ७ दिवसांत मंजुरी, सकारण नकार किंवा तपासणीची सूचना मिळणे अपेक्षित असते. परवान्यासाठी पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. त्रुटी कळवल्यास ३० दिवसांत उत्तर द्यावे, अन्यथा अर्ज फेटाळला जातो. म्हणून अर्जात दुसऱ्याचा नव्हे, स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा. १४ अंकी क्रमांकाचे प्रमाणपत्र केंद्रात दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. दुसऱ्या गावात शाखा काढल्यास, मालक तोच असला तरी, त्या जागेसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.