एक बुडी, दोन थर

पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेरच्या डबक्यावर तेलाचा तवंग पसरतो आणि त्यात जांभळा, हिरवा, सोनेरी असे रंग दिसतात. तेलात यातला एकही रंग नसतो. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात, काही रंग उजळतात, काही मावळतात. कोणता रंग उरणार, ते तवंगाच्या जाडीवर ठरतं. ही जाडी हवी तेवढीच करून दाखवली कॅथरीन ब्लॉजेट यांनी.

1898 साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावात जन्मलेल्या ब्लॉजेट 1926 साली केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पुढे त्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांच्यासोबत काम करत होत्या.

त्यांची रीत बघण्यासारखी आहे. पसरट भांड्यात पाणी, त्यात किंचित बेरियमचा क्षार. वर स्टिअरिक आम्लाचा (चरबीत सापडणाऱ्या एका आम्लाचा) थेंब सोडला की ते पसरून फक्त एका रेणूइतका जाड थर होतो. हा थर विरळ होऊ नये म्हणून मेण लावलेल्या रेशमी धाग्याच्या पलीकडे तेलाचा थेंब सोडायचा. चक्क एरंडेलसुद्धा चालायचं! तेल पसरू पाहतं, धागा रेटतं आणि थर दाटीवाटीने उभा राहतो. मग काचेची पट्टी सावकाश बुडवायची. खाली जाताना एक थर चिकटतो, वर येताना दुसरा. प्रत्येक थर सुमारे अडीच नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), त्यामुळे जाडी हवी तर बुड्या मोजायच्या, बस्स. मला यातला हा साधेपणा फार आवडतो.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परततो. 1938 साली ब्लॉजेट यांनी काचेवर 44 थर चढवले. ही जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण पाव होती. त्यामुळे थराच्या वरून आणि खालून परतणारे तरंग एकमेकांना खोडून काढू लागले. मात्र ते पूर्ण खोडले जायला दोन्हींचा जोर सारखा लागतो. त्यासाठी त्यांनी थरातलं काही आम्ल बेंझीनने विरघळवून काढलं आणि मागे पोकळ, जाळीदार सांगाडा ठेवला. काच जवळजवळ दिसेनाशी झाली.

हा लेप मात्र इतका मऊ होता की पुसला तर निघून जाई. आज चष्म्याच्या भिंगांवर निर्वात पेटीत ऑक्साइडचे टणक थर चढवतात. भिंग तिरकं धरून पाहा, त्यावर हिरवट किंवा जांभळी झाक दिसेल. खोडून काढता न आलेला थोडासा प्रकाश तो हाच.