लाल सोफ्यावरच्या मुली

एक फोटो आहे, म्हणजे एक नाही, हजारो घरांत असलेला साधारण तोच फोटो. लाल सोफा, त्यावर ओळीने बसवलेली आठ-दहा बाळं, सगळ्या मुली, अंगात रेशमी चिनी झबली, एक भोकाड पसरलेली, दुसरी शेजारणीच्या अंगावर कलंडलेली, आणि कडेला पडणाऱ्या पोरीला सावरणारा कोणाचा तरी गोरा हात. हा सोफा चीनमधल्या ग्वांगझौ शहरातल्या व्हाइट स्वान हॉटेलातला. बाळ दत्तक घ्यायला गेलेले अमेरिकन आईबाप घरी निघायच्या आधी इथे फोटो काढायचेच, प्रथाच पडली होती तशी. या प्रवासाच्या गोष्टी वाचल्या की डोळ्यात पाणी आणणारे प्रसंग भरपूर सापडतात. पण सगळे एकाच हॉटेलात का, सोफ्यावर मुलीच का, आईबाप चाळिशीचे का आणि बॅगेत करकरीत शंभर डॉलरच्या नोटा का, हे सहसा कोणी सांगत बसत नाही. मला तर त्या दोन आठवड्यांतला प्रत्येक थांबा कुठल्या ना कुठल्या सरकारी कागदाने ठरवलेला दिसतो.

सुरुवात अर्थातच एक-मूल धोरणापासून. २५ सप्टेंबर १९८० ला चिनी कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सदस्यांना जाहीर पत्र लिहिलं, की एका जोडप्याला एकच मूल. आता आपल्याला वाटतं की पहिली मुलगी झाली की लोक तिला टाकून देत असतील, पण तसं सरसकट नव्हतं. गावांकडून इतका विरोध झाला की १९८४ पासून बऱ्याच प्रांतांत शेतकऱ्यांना सूट मिळाली, पहिली मुलगी असेल तर दुसरा चान्स घ्या. म्हणजे कात्रीत सापडली ती बहुतेक वेळा दुसरी मुलगी, किंवा तिसरी. म्हातारपणी पेन्शन नाही, मुलगी लग्न करून सासरी जाणार, मग मुलगा हवाच, आणि नियम मोडला तर दंड, नोकरीवर गदा, काही ठिकाणी सक्तीची नसबंदी. तिथे मुलींची नावं झाओदी ठेवायचे, अर्थ साधारण 'धाकट्या भावाला बोलावून आण'. आपण नाक मुरडायची सोय नाही हं, २०११ मध्ये साताऱ्यात २८५ 'नकुशीं'ना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली होती.

मूल टाकणं गुन्हा होता, त्यामुळे जे काय करायचं ते अंधारात. पहाटे बाजाराच्या तोंडाशी, पोलीस चौकीच्या पायरीवर, दवाखान्याच्या फाटकाजवळ, म्हणजे लवकर कोणाच्या तरी नजरेस पडेल अशा जागी बाळ ठेवायचं, कधी कधी सोबत लाल कागदावर जन्माची तारीख आणि वेळ. ज्यांच्यासोबत चिठ्ठी नसायची त्यांची जन्मतारीख अनाथाश्रमातले लोक अंदाजाने लिहायचे, आणि आडनावही तेच द्यायचे, पुष्कळदा एका आश्रमातल्या सगळ्या मुलांना एकच.

मग दत्तकाचा कायदा आला. १९९१ च्या डिसेंबरमध्ये मंजूर, १ एप्रिल १९९२ पासून लागू. आपल्याकडे दत्तक म्हटलं की आधी झाशीचा दामोदरराव आठवतो, म्हणजे वारस म्हणून घेतलेला मुलगा, आणि चीनमध्येही जुनी रीत तशीच, वंश चालवायला मुलगा घ्यायचा. पण के ॲन जॉन्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापक, ज्यांनी स्वतः १९९१ मध्ये वुहानहून मुलगी दत्तक घेतली होती, त्या पुढे बरीच वर्षं चिनी गावांत अभ्यास करत होत्या आणि त्यांना वेगळंच दिसलं. मुलगा असलेल्या कितीतरी घरांना मुलगी हवी होती आणि ते टाकलेल्या मुली गुपचूप वाढवतही होते. गोची कायद्याने केली. दत्तक घेणाऱ्याचं वय किमान ३५ आणि स्वतःचं मूल नसलेलं पाहिजे, अशी अट, कारण सरकारला भीती की लोक आपली मुलगी 'दत्तक' म्हणून नातेवाइकांकडे सरकवतील आणि मुलग्यासाठी पुन्हा चान्स घेतील. अनाथ किंवा अपंग मुलांसाठी सूट होती, पण आईबाप जिवंत असण्याची शक्यता असलेलं, टाकलेलं मूल त्यात बसत नव्हतं. परिणाम काय, तर ज्यांना मुली हव्या होत्या त्या चिनी शेतकऱ्यांना मिळेनात आणि अनाथाश्रम भरत गेले.

आणि समुद्रापलीकडे पस्तिशी उलटलेली, मूल न झालेली, इलाज करून थकलेली जोडपी होतीच! कायद्यात अगदी फिट्ट. फोटोतला तो हात चाळिशीचा का, याचं उत्तर हे. १९९२ मध्ये अमेरिकेत चीनहून २०० च्या आसपास मुलं गेली, २००५ या एका वर्षात ७,९०० च्या वर. १९९९ च्या दुरुस्तीत वयाची अट ३० वर आली आणि अनाथाश्रमातल्या मुलांसाठी 'मूल नको' ही अटही सैल झाली, पण तोवर परदेशी दत्तकाची गाडी भरधाव सुटली होती.

१९९६ मध्ये बीजिंगला या कामासाठी एक केंद्रीय सरकारी ऑफिसच उघडलं. अमेरिकेतल्या घरची पाहणी, पोलिसांचा दाखला, पगाराचा दाखला, लग्नाचा दाखला, सगळ्यावर नोटरी, त्यावर राज्याचा शिक्का, त्यावर चिनी वकिलातीचा शिक्का, अशी जाडजूड फाईल तिथे जायची आणि मग वाट बघणं. एक दिवस पाकिटातून छोटा फोटो आणि पानभर माहिती यायची, वजन, डोक्याचा घेर, काय खाते, किती झोपते. ही तुमची मुलगी.

मग प्रवास, बहुतेक दहा-पंधरा कुटुंबांचा ग्रुप. आधी बीजिंग, चीनची भिंत वगैरे बघून झोपेचं गणित जुळवायचं, मग बाळ ज्या प्रांतातलं त्याच्या राजधानीत, चांगशा, नानचांग, नाननिंग, कारण दत्तकाची नोंद प्रांताच्या ऑफिसात व्हायची. तिथल्या हॉलमध्ये किंवा हॉटेलच्या लॉबीत आश्रमातल्या आया, त्यांना मुलं 'आयी' म्हणतात म्हणजे मावशी, बसने बाळं घेऊन यायच्या, नाव पुकारलं की पुढे व्हायचं आणि बाळ हातात. कपड्यांचे चार-चार थर, बाटलीच्या बुचाला मोठं केलेलं भोक कारण दुधात तांदळाची पेज, आणि नऊ-दहा महिन्यांची मुलगी या अनोळखी नाकाडोळ्याच्या, अनोळखी वासाच्या माणसांकडे बघून किंचाळतेय किंवा एकदम गप्प झालीये. गप्प होणं जास्त काळजीचं, असं अनुभवी लोक सांगायचे. दुसऱ्या दिवशी सह्या, अंगठे, नोटरी, मग बाळाचा चिनी पासपोर्ट येईस्तोवर हॉटेलात मुक्काम.

शेवटी ग्वांगझौ. कारण चीनमध्ये अमेरिकेचा कायमचा, म्हणजे स्थलांतराचा, व्हिसा एकाच ठिकाणी मिळतो, ग्वांगझौच्या कॉन्सुलेटमध्ये. ते होतं शामियान बेटावर. हे बेट म्हणजे दुसऱ्या अफूयुद्धाच्या काळात इंग्रज-फ्रेंचांनी ताब्यात घेतलेला वाळूचा पट्टा, आणि अफू कुठली तर आपल्या माळव्याची, मुंबई बंदरातून गेलेलीही त्यात, पण तो विषय वेगळा. त्याच बेटावर १९८३ मध्ये व्हाइट स्वान उघडलं, आणि कॉन्सुलेट त्याला लागूनच. बाळांच्या मेडिकलचा दवाखानाही बेटावरच. मग भोवती बाबागाड्या फुकट वापरायला देणारी दुकानं, चिनी अक्षरांत नावाचे शिक्के, चालताना चुकचुक वाजणारे बूट, आणि मॅटेल कंपनीची खास बार्बी, कडेवर चिनी बाळ घेतलेली, हॉटेलकडून भेट. आता गोरी बाहुली आणि तिच्या कडेवर चिनी बाळ, हे कोणाला गोड वाटतं आणि त्याच बाळाला विसाव्या वर्षी काय वाटतं हे सांगायला नको. कॉन्सुलेटमध्ये शपथ झाली की बंद खाकी पाकीट मिळायचं, ते फोडायचं नाही, थेट अमेरिकेच्या विमानतळावर द्यायचं. २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे तिथे शिक्का बसला की बहुतेक मुली त्याच क्षणी अमेरिकन नागरिक.

नोटांचं राहिलं. प्रत्येक कुटुंब अनाथाश्रमाला साधारण ३,००० डॉलर 'देणगी' द्यायचं, ऐच्छिक नव्हे, ठरलेली. २००५ मध्ये चिनी खेड्यातल्या माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न होतं सव्वातीन हजार युआन, म्हणजे जेमतेम ४०० डॉलर. आता एका बाळामागे इतका पैसा येतो म्हटल्यावर काय होणार? त्याच वर्षी हुनान प्रांतातल्या हेंगयांग भागात उघडकीला आलं की अनाथाश्रम दलालांकडून बाळं विकत घेत होते, शेजारच्या ग्वांगडाँगमधून आणलेली, आणि कागदावर 'अमुक फाटकाजवळ सापडली' असं लिहून परदेशी पाठवत होते. पुढच्या फेब्रुवारीत शिक्षा झाल्या, काही दलालांना १५ वर्षं. २०११ मध्ये चिनी मासिक कायशिनने त्याहून भयानक बातमी दिली. हुनानच्याच लोंगहुई तालुक्यात कुटुंबनियोजनवाल्यांनी दंड न भरणाऱ्या घरांतून मुलं उचलून आश्रमात टाकली होती, तिथे सगळ्यांना शाओ आडनाव मिळालं, आणि काही परदेशी गेली. म्हणजे टाकलेली नव्हेत, हिसकावलेली मुलं. ज्या आईबापांनी 'आम्ही एका अनाथ जिवाला घर दिलं' म्हणत अल्बम लावले होते त्यांच्या पोटात तेव्हा गोळा आला असणार.

त्यानंतर उतारच. मे २००७ पासून नियम कडक, एकट्या बायकांना बंदी, वजनाची मर्यादा, मालमत्तेची आणि उत्पन्नाची अट. धडधाकट बाळासाठी वाट बघणं सहा महिन्यांवरून पाच वर्षांच्या वर गेलं आणि आश्रमात राहिली ती मुख्यतः फाटलेल्या ओठाची, हृदयाला छिद्र असलेली, डाउन सिंड्रोमची मुलं, आता त्यात मुलगेही भरपूर. २०१६ ला दोन मुलांची परवानगी, २०२१ ला तीन. कोविडमध्ये २०२० ला प्रवास थांबले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की परदेशी दत्तक बंद, जवळच्या रक्ताच्या नात्यातलं किंवा सावत्र मूल तेवढं सोडून. तोवर दीड लाखाच्या वर मुलं गेली होती, त्यातली निम्मी अमेरिकेत. ज्यांना २०२० च्या आधीच मूल ठरवून मिळालं होतं, फोटो फ्रिजवर लावला होता, भेटवस्तूही पाठवल्या होत्या, त्या शेकडो घरांनी साडेचार वर्षं वाट बघितली होती.

कॉन्सुलेट २०१३ मध्येच शामियानवरून शहराच्या नव्या भागात गेलं. सोफ्यावरच्या मुली आता विशी-तिशीत आहेत, काहीजणी परत येतात, हातात चिनीत लिहिलेलं पोस्टर, त्यावर लहानपणीचा फोटो आणि अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख, सोबत डीएनएचं किट. फाईलमध्ये 'सापडल्याची जागा' असा एक रकाना असतो. ती जागा शोधत त्या जातात, तिथलं फाटक कधी पाडलेलं असतं, तर कधी शेजारचा दुकानदार म्हणतो, मी तीस वर्षं इथेच बसतोय, इथे बाळ कधी सापडलंच नाही.