राणीच्या बागेला निघताय? आधी घरातल्या प्रत्येकाचं वय लिहून काढा

जळगाव, भुसावळ, चाळीसगावहून मुंबईची राणीची बाग एका दिवसात पाहून परत येता येतं. रात्री गाडीत बसायचं, दिवस बागेत घालवायचा, संध्याकाळी पुन्हा गाडी. लोकांची अडचण होते ती तिकीट खिडकीवर: कोणाचं पूर्ण, कोणाचं अर्धं, आणि पुरावा कोणता दाखवायचा. रेल्वे, एसटी आणि मुंबई महापालिका, तिघांचे वयाचे नियम वेगवेगळे आहेत. म्हणून तारीख ठरवण्याआधी एका कागदावर सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा लिहून काढा. घरात सांगतात ती तारीख नको, आधारवर छापलेली हवी.

लहान मुलं

रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. ५ पूर्ण ते १२ च्या आतल्या मुलासाठी आरक्षण करताना स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं. एसटीत ५ ते १२ ला अर्धं तिकीट. बागेत मात्र ३ वर्षांपासूनच तिकीट सुरू होतं. म्हणजे चार वर्षांची मुलगी गाडीत फुकट येईल, पण बागेच्या दारात तिचं तिकीट काढावं लागेल. मुलांचं आधार नसेल तर जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. रात्रीचा प्रवास असेल आणि मूल आठ-नऊ वर्षांचं असेल, तर अर्ध्या भाड्याच्या मोहात पडू नका. एका बर्थवर दोघं रात्रभर अवघडून बसलात, तर सकाळी मूल बागेत चालायलाच तयार होत नाही.

आजी-आजोबा

रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पूर्ण भाडं धरूनच चाला. खालच्या बर्थचा कोटा मात्र आजही आहे: पुरुषांना ६० पासून, स्त्रियांना ४५ पासून. त्याची अट फार थोड्यांना माहीत असते. त्या तिकिटावर एकटे ज्येष्ठ किंवा दोनच ज्येष्ठ असावे लागतात. घरातल्या सहाही जणांची नावं एकाच तिकिटावर घातली की कोटा लागू होत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला वरचा बर्थ येऊ शकतो. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा, बाकीच्यांचं वेगळं.

एसटीने जाणार असाल तर सवलत मोठी आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने जाणाऱ्या घराला त्यामुळे एसटी स्वस्त पडते, आणि मुंबई सेंट्रलच्या आगारापासून बागही लांब नाही.

वयाचा पुरावा म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. इथेच १ जूनचा घोळ होतो. आपल्याकडच्या कित्येक आजोबांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लिहिली आणि तीच पुढे आधारवर आली. आजोबा म्हणतात, मला पंच्याहत्तर होऊन गेली. कंडक्टर कार्डावरची तारीख मोजतो, आणि कार्डावर अजून चार महिने बाकी असतात. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही, कारण त्याला कागदच पाहावा लागतो. आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, तीही पुराव्यासह, तेव्हा ते काम सहलीच्या आठवड्यात काढू नका.

गाडीचं आरक्षण

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्याच दिवशी सकाळी बसलात तरच सगळ्यांना जवळजवळ जागा मिळेल. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलितचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला. त्यासाठी ऑनलाइन खातं आधारशी जोडलेलं लागतं. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. प्रवासात तिकिटावरच्या एकाने तरी मूळ ओळखपत्र दाखवायचं असतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही, डिजिलॉकरमधलं चालतं.

अमरावती-मुंबई एक्स्प्रेस भुसावळ, जळगावहून रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचते, या सहलीला ती सोयीची. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकरांना सुरतमार्गे खानदेश एक्स्प्रेस आहे, पण ती रोज धावत नाही. गाडी तुमच्या स्टेशनावर रात्री बारानंतर येत असेल तर आरक्षणात पुढची तारीख टाकावी लागते.

सीएसएमटीला उतरलात तर सामान क्लोक रूममध्ये ठेवता येतं. तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवंच, एवढं लहान कुलूप घरूनच घ्या. तिथून भायखळा लोकलने तिसरं स्टेशन: मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. लोकलचं तिकीट वेगळं काढा. पूर्वेला उतरलं की बाग चालत जाण्याच्या अंतरावर.

बागेचं तिकीट

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचं कागदोपत्री नाव, ऑनलाइन शोधताना तेच टाका. १८६२ मध्ये खुली झालेली ही बाग आज मुंबई महापालिका चालवते. दर बुधवारी ती बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. गावाकडून येणाऱ्यांनी आधी हा वार पाहावा, मग गाडी.

२०१७ पासूनच्या दरांप्रमाणे मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वयाच्या मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १००. कुटुंबाचं तिकीट हवं असेल तर खिडकीवर तसं आधी सांगा. आत्या, काका, तिसरं मूल यांचं तिकीट वेगळं. ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या सवलतीसाठी आधार व दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड मूळ स्वरूपात न्या. निघण्याच्या आठवड्यात पालिकेच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून तिथेच तिकीट काढलंत, तर सुट्टीच्या दिवशीची रांग वाचते.

आत पेंग्विनच्या थंड कक्षाकडे सकाळीच जा, दुपारी तिथे गर्दी दाटते. सेऊलहून २०१६ मध्ये आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन काचेपलीकडे पाण्यात सूर मारतात, आणि जळगावच्या उन्हात वाढलेली आपली पोरं तिथून हलत नाहीत. काळा घोडा चौकाला ज्याच्यावरून नाव मिळालं तो मूळ पुतळाही याच आवारात आहे. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं तिकीट वेगळं, आणि घारापुरीचा दगडी हत्ती तिथेच.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आपल्यासाठी, प्राण्यांसाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याला खाऊ घालणं, डिवचणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माकडाला शेंगदाणे टाकणारा माणूस दिसला तर रखवालदाराला सांगा, मुलांसमोरच सांगा.

परतीची गाडी संध्याकाळची धरा आणि चारच्या सुमारास बागेतून निघा. जळगावला पोहोचायला मध्यरात्र उलटते, म्हणून घरी नेणाऱ्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.