अल्पदृष्टी असलेल्यांना सरकारी साधने: गोव्यात अर्ज कुठे अडतात

‘नंबर मायनस बारा आहे, तरी बोर्डाने परत पाठवले.’ ही तक्रार सारखी कानावर येते. अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारे वैद्यकीय बोर्ड चष्म्याचा नंबर बघत नाही. चष्मा लावून, दोन्हींतल्या बऱ्या डोळ्याने किती दिसते ते बघते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी म्हणजे बऱ्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासकट 6/18 हून कमी (धड डोळ्याला 18 मीटरवरून दिसते ते 6 मीटरवरूनही नीट न दिसणे), 3/60 पर्यंत; किंवा दिसण्याचा पट्टा 40 अंशांहून कमी, 10 पर्यंत. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा धड असेल, तर अपंगत्वाचे 30 टक्केच मिळतात. साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेला 40 लागतात.

काचबिंदूवाल्यांचे हाल वेगळेच. मधले स्पष्ट दिसते, कडेचे गेलेले. तक्त्यावरची अक्षरे भराभर वाचली की ‘तुम्हाला तर दिसते’ असे ऐकून घरी यायचे. म्हणून पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्र तपासणीचा, ताजा अहवाल घेऊनच जा.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर, आधार, फोटो आणि सही जोडून. हाती येते ती फक्त पोच, प्रमाणपत्र तपासणीनंतर. कार्ड पांढरे आले तर टक्केवारी 40 च्या खाली आहे, त्यावर एडिपचे साधन मिळत नाही. पिवळे किंवा निळे हवे.

गोव्यात हमखास अडकवते ते नाव. जुन्या जन्मनोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले, आधारवर आजच्या पद्धतीने. माणूस तोच, हे खिडकीपलीकडच्यालाही दिसत असते, पण कागद जुळत नाहीत. जिथे जन्मदाखला मागतात तिथे जाण्याआधी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

उत्पन्नाची मर्यादा महिन्याची आहे: 22,500 पर्यंत साधन पूर्ण मोफत, त्यापुढे 30,000 पर्यंत निम्मी किंमत. मामलेदारांच्या दाखल्यावर वर्षाचा आकडा असतो. तो बघून लोक उगाच घाबरतात. वर्षाला 2,70,000 पर्यंत तुम्ही मोफतमध्येच बसता. मुलांसाठी आईवडिलांचे उत्पन्न धरतात. पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची; एडिपला ती नाही, त्या दाखल्यापायी थांबू नका.

त्याच कामासाठी तीन वर्षांत साधन घेतले असेल तर पुन्हा मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांना ही अट एका वर्षाची.

साधन कोणते हवे ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: स्टँडवरचे भिंग, दुर्बिणीचा चष्मा की स्क्रीन रीडरचा फोन. नुसते ‘दृष्टिदोष’ लिहिले की भिंगाने वर्तमानपत्र वाचू शकणाऱ्याच्या हातात पांढरी काठी येते. आणि अ‍ॅलिम्कोचे (ही साधने बनवणारी सरकारी कंपनी) शिबिर दोनदा होते, आधी मोजमाप, मग वाटप. जाहिरात बहुधा वाटपाचीच डोळ्यांत भरते. पण मोजमापाच्या दिवशी नाव लागले नसेल, तर वाटपाच्या दिवशी मांडवात बसून काही मिळत नाही.